खाली कोण?

त्याचं खरं नाव बरंच भारदस्त होतं, पण ते फक्त त्याच्या आईच्या लक्षात राहिलं. बाकी सगळ्यांना तो थांबतात्या. वयानं तात्या व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता, डोक्यावरचे केस काळेभोर होते. पण लोकांनी एकदा नाव चिकटवलं की माणसाचं काही चालत नाही.

चिकटवलं ते एका कापडाच्या व्यापाऱ्यानं. थांबतात्या लिफ्ट दुरुस्त करणारा. त्या व्यापाऱ्याच्या इमारतीत तो काम करत होता आणि शेठ खाली उभे. देह असा, की दारातून आडवं होऊन आत यावं लागे. सारखं विचारणं चाललेलं, "झालं का? बसू का आत?" वरून आवाज, "थांबा." जरा वेळानं पुन्हा, "आता?" "थांबा." शेवटी शेठ भडकले. "अरे, मालक आहे मी या इमारतीचा!" वरून उत्तर आलं, "मालक असलात तरी हाडं सगळ्यांची सारखीच मोडतात, शेठ. थांबा!" शेठ मुकाट्यानं जिन्यानं वर गेले आणि धापा टाकत भेटेल त्याला सांगत सुटले, "तो थांबतात्या आलाय, आज जिनाच चढा बरं का." झालं नाव.

दुकान त्याचं नव्हे, मेस्त्रींचं. न्हाव्याच्या आणि सायकलवाल्याच्या मधली एक खोली, आत दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. माणसं तीनच. मेस्त्री, थांबतात्या आणि फोन घ्यायला मेस्त्रींच्या घरच्या काकू. काकू शिवणकाम करता करता फोन घेत, आणि फोन करणारा किती धापा टाकतोय त्यावरून इमारत ओळखत. "अगं बाई, सातवा मजला चढून आलात वाटतं? म्हणजे तुम्ही बँकेसमोरचे!" असं म्हटल्यावर रागावलेला माणूसही हसायचा.

आता या कामाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. लिफ्टचा डबा ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली जातो, त्याला ही मंडळी विहीर म्हणत. विहिरीच्या तळाशी खड्डा. माथ्यावर, गच्चीला लागून, एक खोली. तिथं मोटर आणि विजेचा मोठा खटका. खोलीच्या जमिनीला भोक, त्यातून तारेचे जाडजूड दोर खाली जातात. दुरुस्तीच्या वेळी एक माणूस खड्ड्यात, एक वरच्या खोलीत, आणि मधे सगळी इमारत. कोणाला कोणी दिसत नाही. म्हणून मेस्त्रींनी नियम घातला होता, तोही त्यांना त्यांच्या मेस्त्रींनी घालून दिलेला. खटका चालू करण्याआधी वरच्यानं त्या भोकाला तोंड लावून विचारायचं, "खाली कोण?" खालचा खड्ड्यातच असेल तर त्यानं म्हणायचं, "मी आहे." बाहेर पडला असेल तर त्यानं दारात उभं राहून आत डोकं घालायचं आणि ओरडायचं, "कोणी नाही!" ते ऐकलं की मगच खटका.

आणि काहीच ऐकू आलं नाही तर?

"तर हात मागं बांधून बसायचं," मेस्त्री म्हणत. "गप्प राहणं म्हणजे उत्तर नव्हे. गप्प तर मेलेलाही राहतो."

नुसतं बोलत नसत, वागतही तसंच. थांबतात्याचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणजे नव्या नवऱ्याचं जिथं असायचं तिथं होतं. खड्ड्यातून बाहेर आला, ओरडायचं विसरला आणि सरळ समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. चहा झाला, गप्पा झाल्या, कोणाची तरी मोटारसायकल ढकलून देऊन झाली. दुपार उलटून गेल्यावर परत येऊन बघतो तर लिफ्ट बंदच. धावत वर गेला. मेस्त्री भोकाशी मांडी घालून बसलेले, जेवणाचा डबा तसाच. थांबतात्याला वाटलं, आता मुस्कटात बसते. मेस्त्रींनी एवढंच विचारलं, "चहा बरा होता का रे?" त्यानंतर तो कधी विसरला नाही.

त्याला एक मुलगी. नाव ठेवलं भिंगरी, पण तिचा डावा पाय जन्मापासून वाकडा. जिन्यावरून यायची तर एक पाऊल धप्प वाजायचं आणि दुसरं घासत यायचं. पोरगी मात्र तोंडानं भिंगरीच! "बाबा, माझा एक पाय चालतो आणि एक पाय विचार करतो," असं सांगून पाहुण्यांना हसवायची. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "पाय सरळ होईल. पण हाडं पक्की व्हायच्या आत ऑपरेशन करा. यंदाच. पुढं मग माझ्याही हातात काही नाही."

त्याच सुमाराला मेस्त्रींचे हात कापायला लागले. पाना धरला की पानाच थरथरायचा. एक दिवस ते म्हणाले, "गड्या, दुकान मी बंद करतो. तू त्या मोठ्या कंपनीत जा. काचेच्या उंच इमारती सगळ्या त्यांच्याकडे आहेत. पोरीचा पाय माझ्या दुकानातून होणार नाही."

"मेस्त्री, मला नाही तिथं करमणार."

"करमायला कोण जातंय? पायासाठी जायचं."

म्हणून तो गेला. आणि खरं सांगायचं तर कंपनीला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. लोखंडी टोकाचे बूट दिले, डोक्याला टोपी, कमरेला पट्टा. आठवड्याची सुट्टी म्हणजे खरोखर सुट्टी. आणि सगळे सगळ्यांना सर म्हणत. झाडणारा सर, चहावाला सर, थांबतात्यासुद्धा सर. पहिल्या दिवशी त्यानं मागं वळून पाहिलं, हा सर कोण म्हणून. सहा महिने काम पाहणार, मग कायम करणार. आणि कायम झालं की घरच्यांचं दवाखान्याचं सगळं कंपनी बघणार. म्हणजे भिंगरीचा पाय.

फक्त एक होतं. कंपनीत एका लिफ्टला एकच माणूस. पट्ट्याला एक यंत्र अडकवलेलं, त्यातून कंट्रोलची बाई बोलायची. गोड आवाज, कुठं बसते कोणालाच माहीत नाही. शिकवणाऱ्यानं समजावलं, "काम सुरू करताना आपलं कुलूप खटक्याला लावा, किल्ली खिशात ठेवा. किल्ली तुमच्याकडे, तुम्ही वर; मग खाली कोण असणार?"

थांबतात्याला ते डोक्यात पटलं. हाताला पटेना. खड्ड्यातलं काम करायचं, बाहेर यायचं, जिने चढून वर जायचं, कुलूप काढायचं, खटक्यावर हात ठेवायचा, आणि तोंड आपोआप भोकाकडे जायचं. "खाली कोण?" खालून काही नाही. आता जिथं गप्प म्हणजे हात मागं बांधायचे, असं शिकून अर्धं आयुष्य गेलं, तिथं हात पुढं कसा येणार? तो पुन्हा खाली जायचा, खड्ड्यात विजेरी मारायचा, पुन्हा वर. पुन्हा विचारायचा. पुन्हा काही नाही. यंत्रातून बाई म्हणायची, "सर, तुमच्याकडून काही ऐकू येत नाही. सगळं ठीक आहे असं धरते हं." इथं गप्प म्हणजे सगळं ठीक!

त्याच्यावरचे साहेब वयानं लहान होते, पण मनानं चांगले. त्यांनी बोलावून घेतलं. "तात्या, काम तुमचं उत्तम. पण लोक तास तास ताटकळतात. विचारता कोणाला तुम्ही?"

"खालच्याला, साहेब."

"खाली कोण असतं?"

"तेच तर विचारतो ना."

साहेब हसले, पण हसून झाल्यावर म्हणाले, "हे असंच राहिलं तर मला तुम्हाला कायम करता येणार नाही. मुलीचं ऐकलंय मी. म्हणून आधी सांगतोय."

त्यानंतरची गोष्ट. भर दुपार, लख्ख ऊन, कचेऱ्यांची इमारत, बाहेर माणसांची वर्दळ. थांबतात्या वरच्या खोलीत, हात खटक्यावर, तोंड भोकाशी. "खाली कोण?"

"कोणी नाही," खालून आवाज आला.

इतका साधा, की त्यानं खटका वर करूनही टाकला. दोर सरकायला लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की खाली ओरडायला कोणी नव्हतंच. धावत खाली गेला. दारापाशी एक म्हातारा लिफ्टची वाट बघत होता. "आत्ता इथून कोणी ओरडलं का हो?" "नाही बुवा," म्हातारा म्हणाला. "मी केव्हापासून उभा आहे."

दुसऱ्या दिवशी दुसरी इमारत. "खाली कोण?" "कोणी नाही." मग तिसरी, चौथी. प्रत्येक विहिरीत उत्तर तयार. त्यानं बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, पोकळ जागा ती, तुमचाच आवाज घुमत असेल." "घुमून 'खाली कोण'च यायला हवं ना? 'कोणी नाही' कसं येईल?" तिनं भाजी चिरणं थांबवलं आणि मग पुन्हा चिरायला लागली. तिलाही त्या पायाचीच काळजी होती.

आणि कबूल करायला पाहिजे, थांबतात्याला ते बरं वाटायला लागलं. इतके दिवस तो एकटा होता. आता जोडीला कोणीतरी होतं. काम झपाझप उरकायला लागलं. साहेब खूष. जेवणाच्या खोलीत भिंतीवर त्याचा फोटो लागला, खाली "सर" लिहिलेलं. तो पाहून बरोबरच्या कामगारांनी टोमणाही मारला, "काय तात्या, आता थांबा म्हणत नाही वाटतं?" खरंच होतं ते. कितीतरी दिवसांत तो शब्द त्याच्या तोंडी आलाच नव्हता.

हळूहळू आवाज जवळ यायला लागला. आधी तळातून यायचा, मग मधल्या मजल्यावरून आल्यासारखा वाटायचा. कधी त्याचं विचारून पुरं व्हायच्या आत यायचा. आणि एका संध्याकाळी तो घरी आला, आतून बायकोनं विचारलं, "कोण आलं गं भिंगरी?" भिंगरी दारातच होती, बाबाकडे बघत. पण उत्तर त्यानंच दिलं. म्हणाला, "कोणी नाही." आणि बूट काढून आत गेला. भिंगरी आधी हसली. मग आईला जाऊन चिकटली.

बायकोच त्याला मेस्त्रींकडे घेऊन गेली. मेस्त्री आता खाटेवर बसून असायचे, हात मांडीखाली दाबून, म्हणजे थरथर दिसायला नको. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. भूतबीत काही बोलले नाहीत. कारागीर माणूस, कामाचंच विचारलं.

"आवाज कोणाचा, ओळखतोस?"

थांबतात्यानं इतके दिवस तो विचार मनात येऊ दिला नव्हता. म्हणाला, "माझाच, मेस्त्री."

"हं." मेस्त्रींनी खिडकीबाहेर पाहिलं. "खाली तू होतास. मग वर कोण होतं?"

थांबतात्या हसला. काकू हातात कपबशा घेऊन आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"मी एवढंच सांगतो," मेस्त्री म्हणाले. "'कोणी नाही' म्हणतोय तोवर ठीक. पण ज्या दिवशी 'मी आहे' म्हणेल, त्या दिवशी खटक्याला हात लावू नकोस. कोण काय वाटेल ते बोलो."

सहा महिने पुरे होत आले. डॉक्टरांनी दिवस ठरवून दिला. कंपनीचा कागद झाला की ऑपरेशन. साहेब म्हणाले, "परवा सही होतेय, तात्या. पेढे आणा." आणि त्याच दिवशी, एका उंच इमारतीत, जेवणाची सुट्टी संपून माणसांची खाली गर्दी झालेली असताना, थांबतात्यानं खटक्यावर हात ठेवून विचारलं, "खाली कोण?"

"मी आहे."

त्यानं हात खटक्यावरून मागं घेतला. पुन्हा विचारलं. "मी आहे." थकलेला आवाज, दिवसभर राबलेल्या माणसाचा. तो धडधडत जिने उतरला, दार उघडलं, खड्ड्यात विजेरी मारली. स्प्रिंगा होत्या. तेलाचा डाग होता. तळाच्या धुळीत त्याच्या बुटांचे ठसे होते, मघाशी आत उतरला तेव्हाचे. आत जाणारे सगळे दिसले. बाहेर येणारे त्यानं शोधले, विजेरी कोपऱ्याकोपऱ्यात फिरवली, तरी एकही दिसला नाही.

तो परत वर आला तेव्हा यंत्रातून बाई बोलत होती. "सर, तुमच्याकडून काही ऐकू येत नाही. सगळं ठीक आहे असं धरू ना?" मग साहेबांचा फोन. "तात्या, आजच कुठली अवदसा आठवली? आपली वरची साहेबमंडळी त्याच इमारतीत बसतात. दुसरा माणूस पाठवावा लागला तर परवाची सही मी कोणत्या तोंडानं मागू?"

"साहेब, खाली माणूस आहे."

"बघितलंत?"

"बघितलं."

"दिसला?"

"नाही."

"मग?" साहेबांचा आवाज मऊ झाला. "तात्या, मुलीकडे बघा हो."

थांबतात्यानं फोन ठेवला. मग तो जमिनीवर पालथा झोपला, गाल त्या भोकाच्या कडेला टेकवला आणि खाली अंधारात बोलायला लागला. भांडला नाही. घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

"अरे, बाहेर ये रे. येता येत नाही का? मग ऐक. तुला मी काय सांगणार, तुला सगळं ठाऊकच आहे. ती जिन्यावरून कशी येते ते तूच रोज ऐकत होतास. एक पाय चालतो आणि एक विचार करतो म्हणते. अजून हसून म्हणते. मोठी झाल्यावर नाही हसणार. डॉक्टर म्हणाले यंदाच. मी काय करू, सांग. तू म्हणशील तसं करतो. नको म्हणालास तर पट्टा काढून ठेवतो आणि घरी जातो."

खालून काही आलं नाही. दोर तेवढे अगदी बारीक थरथरत होते, कोणीतरी खाली त्यांना हात लावून उभं असावं तसे. थांबतात्या वाट बघत राहिला. मेस्त्रींनी शिकवलं होतं तसे हात मागं बांधून, पालथाच.

मग आवाज आला. भिंगरीला सुई टोचायची वेळ आली की तो जसा म्हणायचा, काही दुखणार नाही हं बेटा, अगदी त्या सुरात.

"कोणी नाही."

थांबतात्या उठला, कपडे झटकले आणि खटका वर केला.

दोर सरसर खाली गेले. कुठं अडलं नाही, कुठं कच्चकन वाजलं नाही. डबा तळाला टेकला, दारं उघडली, माणसं हसत बोलत आत शिरली. इतकी मऊ लिफ्ट त्या इमारतीत कधी चालली नव्हती, असं नंतर सगळे म्हणाले.

सही झाली. ऑपरेशन झालं. भिंगरीचा पाय प्लास्टरमधून निघाला तेव्हा पांढराफटक आणि बारीक होता, पण सरळ. आधी काठी धरून, मग भिंत धरून, मग काहीच न धरता ती चालायला लागली. थांबतात्या तेव्हा समोर उभा होता. त्यानं टाळ्याही वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून वाजवल्या, असं बायकोला वाटलं. पण असं कोणाला बोलून दाखवायचं?

तक्रार करावी असं काहीच नव्हतं. वेळेवर जायचा, वेळेवर यायचा. वाढलेलं जेवायचा. हाक मारली तर येऊन उभा राहायचा. लिफ्टच्या वरच्या खोलीत आता तो काही विचारत नसे. कुलूप काढायचं, खटका वर करायचा, की पुढची इमारत. साहेब म्हणत, असा माणूस कंपनीला दुसरा मिळणार नाही. थांबतात्या हे नावही मागं पडलं, कारण त्या नावानं हाक मारल्यावर तो वळून बघेनासा झाला.

भिंगरीचा पाय बघायला मेस्त्री आणि काकू आले. मेस्त्रींनी पोरीला खोलीभर चालायला लावलं, स्वतः मोजमाप घेत असल्यासारखं खाली वाकून दोन्ही पावलं पाहिली आणि म्हणाले, "काम फर्स्टक्लास झालंय." डोळे पुसले. मग खुर्चीवर बसलेल्या बापाकडे वळले. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो हसला. मेस्त्रीही हसले, पण हात जोडून.

"येतो आम्ही," ते म्हणाले. "तुम्ही बसा. उठू नका."

बायको त्यांना दारापर्यंत पोचवायला आली. तिनं हळूच विचारलं, "मेस्त्री, हे तर लग्नाआधीपासून तुमच्या हाताखालचे. यांना तुम्ही अहो-जाहो कधीपासून करायला लागलात?"

मेस्त्री चपलेत पाय घालायला धडपडत होते. कापणाऱ्या हातानं पट्टा सापडेना. काकूंनी वाकून तो सरळ करून दिला.

"ओळखदेख नसलेल्या माणसाला एकदम अरेतुरे कसं करायचं, सूनबाई?" ते म्हणाले.

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. जिन्यावरून भिंगरी त्यांच्या पुढं धावत खाली चालली होती, दोन्ही पावलं सारखी वाजवत.